शेवटच्या घराचा नळ

सकाळचे सहा वाजले आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावात आज पाणी येण्याचा दिवस असल्याने गल्लीतल्या प्रत्येक दारापुढे घागरी, बादल्या आणि निळे ड्रम मांडून ठेवले आहेत. उजनीचा अथांग जलाशय याच जिल्ह्यात असला, तरी अनेक गावांची तहान आजही गावाबाहेरची एक विहीर किंवा बोअर, तिच्यावरची मोटार, उंचावरची टाकी आणि वीज असेल त्या वेळी व्हॉल्व्ह फिरवणारा एक कर्मचारी यांच्यावरच भागते. गॅस्ट्रो, कॉलरा, कावीळ यांच्या साथी अशा लहान योजनांमध्ये शिरतात कशा, हे समजून घ्यायचे असेल, तर विहिरीइतकेच बारकाईने गल्लीतल्या शेवटच्या घराच्या नळाकडे पाहावे लागते.

हा तो नळ. टाकीपासून सर्वांत लांब असल्यामुळे इथे पाण्याला दाब नाही, म्हणून घरच्यांनी जमीन खणून तोटी हातभर खाली घेतली आहे, आणि त्या खड्ड्यात कालचे सांडपाणी साचलेले आहे. नळ वाहता असतो तोवर आतला दाब घाणीला बाहेर ठेवतो. व्हॉल्व्ह बंद झाला की पाइप रिकामा होऊ लागतो, आत पोकळी निर्माण होते, आणि खड्ड्यातले पाणी उघड्या तोटीतून उलटे आत ओढले जाते. शेजारी कोणी नळाला थेट मोटार जोडलेली असेल, तर गटारालगतच्या गळक्या सांध्यातूनही घाण खेचली जाते. पुढच्या पाळीला पहिली घागर भरते ती याच पाण्याने. विहीर स्वच्छ, टाकी धुतलेली, आणि तरीही एकाच गल्लीतली दहा-बारा माणसे जुलाब-उलट्यांनी आजारी, असे होते ते यामुळे.

यावरचा उपाय गावागावांत ठाऊक आहे, तो म्हणजे टीसीएल, अर्थात पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, पण उष्णता, हवा आणि ओल लागली की तो उडून जातो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याच्या खोलीत तोंड उघडे राहिलेल्या पोत्यात काही आठवड्यांनी उरतो तो बहुतांशी चुना. कर्मचारी नेहमीच्याच मापाने पावडर बादलीत कालवतो, चुना खाली बसू देतो, वरची निवळी टाकीत ओततो, वहीत नोंद करतो. त्याच्याकडून काहीही चुकलेले नसते, आणि पाणी मात्र निर्जंतुक झालेले नसते. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या या एका माणसावर आपण साऱ्या गावाचे आरोग्य सोपवतो आणि त्याला चांगली पावडरसुद्धा वेळेवर देत नाही, ही गोष्ट मनाला लागते.

वहीतली नोंद आणि पाण्यातला क्लोरीन यांत अंतर पडले, तर काय घडते याचे उदाहरण कॅनडातल्या वॉकर्टन या छोट्या शहराने मे २००० मध्ये पाहिले. मुसळधार पावसात शेणखताची घाण एका उथळ विहिरीत उतरली, क्लोरीन अपुरा होता आणि तिथे तर नोंदी चक्क खोट्या लिहिलेल्या होत्या. सुमारे पाच हजार वस्तीच्या त्या परिसरात २,३०० लोक आजारी पडले आणि सात जण दगावले.

आपल्याकडे हा धोका पहिल्या पावसात आणि आषाढी वारीच्या दिवसांत एकदमच येतो. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव अशा मुक्कामाच्या गावांत एका रात्रीपुरती लाखोंची वस्ती होते, आणि म्हणूनच पालखी येण्याआधी मार्गावरच्या विहिरींमध्ये टीसीएल टाकून पाण्याची तपासणी केली जाते. गॅस्ट्रो काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत कळतो. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ मात्र दोन ते दहा आठवड्यांनी दिसते. तोवर गळती दुरुस्त झालेली असते, पाण्याचा नमुना चांगला येतो, आणि आजाराचे मूळ सापडत नाही. गरोदर स्त्रियांसाठी हीच कावीळ जिवावरची ठरते, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून आशाताईंनी गल्लीनिहाय लिहिलेली आजाऱ्यांची यादी अशा वेळी प्रयोगशाळेच्या अहवालाइतकीच मोलाची असते.

सात वाजत आले आहेत. कर्मचारी शेवटच्या घरापाशी आला आहे. त्याने काचेच्या नळीत पाणी घेतले, क्लोरीन तपासणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा, आणि तो असेल तर पाणी लगेच पिवळसर होते. टाकीजवळच्या नळाला रंग आला होता. इथे पाणी जसेच्या तसे आहे.

घरातल्या मावशींनी भरलेली घागर कडेला ठेवली आहे आणि चुलीवर पाणी उकळायला ठेवले आहे. कर्मचारी खड्ड्याकडे बोट दाखवून तोटी वर घ्यायला सांगतो आहे, आणि मावशी विचारतात, “वर घेतली तर पाणी चढंल का?”