हौशी खेळाडूचा खर्च कोणाच्या खिशातून?

आजचा विषय अमेरिकेतल्या राज्यस्तरीय उन्हाळी क्रीडास्पर्धा. पण जिम थॉर्प या अमेरिकन खेळाडूला ओलांडून मला तिथे जाता येत नाही. माझा जुना राग आहे तो, ऐकून घ्या.

१९१२, स्टॉकहोम ऑलिंपिक. पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, म्हणजे पाच आणि दहा मैदानी प्रकारांच्या स्पर्धा, दोन्हींत थॉर्पला सुवर्ण. तेव्हा ऑलिंपिक फक्त हौशींचं, खेळण्याचे पैसे न घेणाऱ्यांचं. पुढच्याच वर्षी पेपरात छापून आलं, की हा गडी त्याआधी नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. झालं! पदकं काढून घेतली. आता गंमत बघा. सुट्टीत असं खेळून चार पैसे मिळवणारी कॉलेजची पोरं तेव्हा पुष्कळ होती, फक्त त्यातली हुशार पोरं खोटं नाव लावायची. थॉर्पने खरं लावलं. (मागची रांग फार हसतेय. कोण कोण खोट्या नावाने खेळलंय तिकडे?) बरं, तक्रारीची मुदत होती ३० दिवसांची, तीही कधीच उलटली होती. म्हणजे नियम मोडला म्हणून शिक्षा करणाऱ्यांनी स्वतःचाच नियम धाब्यावर बसवला! थॉर्प १९५३ साली गेला. पदकांच्या प्रतिकृती घरच्यांना मिळाल्या १९८३ मध्ये, आणि सहविजेता नव्हे, एकटा विजेता म्हणून त्याची नोंद व्हायला २०२२ उजाडलं.

खेळाडूने पैसे घेतले का, याची एवढी चौकशी. स्पर्धेला पैसे कोण देतं, हे मात्र कोणी विचारत नाही. तेच सांगायला आलो होतो, तर ही चिठ्ठी आली: ‘पाच मिनिटं’. असो, पळतो.

१९७६ ला माँट्रियलमध्ये अमेरिका सुवर्णपदकांत सोव्हिएत युनियन आणि पूर्व जर्मनी यांच्या मागे, तिसरी. १९७८ मध्ये अमेरिकेत हौशी खेळांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने एम्पायर स्टेट गेम्स ही आपली राज्यस्तरीय स्पर्धा सुरू केली. सहा विभाग, विभागवार निवड चाचण्या, शाळकरी पोरांपासून मास्टर्सपर्यंत, म्हणजे वयाने मोठ्या खेळाडूंपर्यंत गट. भार मुख्यतः राज्याच्या तिजोरीवर. मंदी आली आणि २००९ ची उन्हाळी स्पर्धा रद्द. २०१० ला बफेलोत खेळाडूंकडून शुल्क घेऊन कशीबशी पार पडली, त्यानंतर उन्हाळी स्पर्धा बंदच.

नेब्रास्का राज्याचे कॉर्नहस्कर स्टेट गेम्स १९८५ पासूनचे. ते चालवते ना-नफा संस्था. प्रवेशशुल्क, प्रायोजक आणि स्वयंसेवक यांच्या जोरावर. बहुतेक खेळांत निवडीची भानगड नाही, नाव नोंदवा आणि या. मला हीच पद्धत पटते. खोट एकच: घरात तीन पोरं खेळणारी असली की शुल्क तीनदा. म्हणून माझं म्हणणं, शाळकरी मुलांना शुल्क माफ करा आणि ती तूट चाळिशीपुढच्या गटांकडून वसूल करा. आम्ही बुटांवर उधळतो त्यापुढे ते काहीच नाही.