रॉकी आजारी होता

हे मडकं बघा. आपण आपलं मडकं म्हणूया, खरंतर ही व्हिस्की साठवायची चिनीमातीची बुटकी सुरई आहे, तोंड अरुंद आणि मानेपाशी बोट अडकवायला एक कान. जुन्या अमेरिकन लोकसंगीतात लोक ह्यात फुंकून बेससारखा आवाज काढायचे. पण ह्या फुटेजमधला टॉमी हॉल फुंकत नाहीये, नीट बघा, त्याने मडक्याच्या तोंडाशी माइक धरलाय आणि तो गळ्यातून भराभर आवाज काढतोय, तो आत घुमतो आणि स्पीकरमधून बाहेर येतो तेव्हा शंभर कबुतरं एकदम घुमतायत असं वाटतं, आणि गाणं संपेपर्यंत ते थांबतच नाही. ह्याला म्हणायचे इलेक्ट्रिक जग. वीज फक्त माइकला.

आणि त्या घुमण्याच्या वरून एक किंकाळी येते ना, ती रॉकीची. रॉकी एरिक्सन, टेक्सासच्या ह्या रॉक बँडचा गायक. वय जेमतेम एकोणीस.

पूर्ण नाव रॉजर किनार्ड एरिक्सन, रॉजरचा रॉ आणि किनार्डचा की, झाला रॉकी. जन्म १५ जुलै १९४७, टेक्सास. पाच भावांत सगळ्यात मोठा. वडील आर्किटेक्ट, आईला गाण्याची आवड. १९६५ ला ऑस्टिनच्या ट्रॅव्हिस हायस्कूलने सांगितलं केस काप, ह्याने केस ठेवले आणि शाळा सोडली, शेवटच्या वर्षाला महिनाभर राहिला असताना. मग टॉमी भेटला, वयाने मोठा, वाचणारा, डोक्यात शंभर कल्पना, आणि बँड उभा राहिला, थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स. तेरा आकडा अशुभ म्हणून अमेरिकेत बऱ्याच बिल्डिंगना तेरावा मजला नसतोच, बाराव्यानंतर डायरेक्ट चौदावा, आणि हे म्हणतायत आम्ही तिथे जाणारी लिफ्ट.

१९६६ मध्ये त्यांचं ‘यू आर गॉना मिस मी’ हे गाणं बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, ५५ नंबरपर्यंत गेलं. ऑक्टोबरमध्ये अल्बम आला, सायकेडेलिक, म्हणजे नशेत जाणीव बदलते तसं, हा शब्द नावातच घेतलेल्या अगदी पहिल्या अल्बमपैकी एक. हे बघा, नॅशनल टीव्ही, कार्यक्रमाचा होस्ट डिक क्लार्क विचारतोय तुमच्यात हेड, म्हणजे प्रमुख, कोण, आणि टॉमी म्हणतो आम्ही सगळेच हेड. त्या काळच्या बोलीत हेड म्हणजे नशा करणारा. सगळे हसतायत. रॉकीचा चेहरा बघा, पोरगा आहे तो अजून.

टॉमीचा एलएसडीवर, भास घडवणाऱ्या ह्या ड्रगवर, मनापासून विश्वास होता, ह्याने माणसाची जाणीव उघडते असं त्याने अल्बमच्या मागच्या कव्हरवर लिहून छापलंय. वाजवायच्या आधी घ्यायचं हा त्यांचा नेमच होता. आता एलएसडीमुळेच रॉकीला आजार झाला असं सरळ कोणी सांगू शकत नाही, स्किझोफ्रेनिया पुष्कळदा ह्याच वयात, विशीच्या आसपास वर येतो, पण ज्याच्या आत तो दबा धरून बसलाय त्याच्यासाठी असलं काही घेणं म्हणजे आगीत तेल, आणि रॉकीला हे सांगणारं त्याच्या आसपास कोणी नव्हतं.

१९६८, सॅन अँटोनियोचा मोठा मेळा, हेमिसफेअर. रॉकी स्टेजवर आला आणि बोलायला लागला, आणि शब्दांना अर्थच नव्हता. मग ह्यूस्टनचं हॉस्पिटल, पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान, विजेचे शॉक.

आता हा माउंट बॉनेल. नावाला माउंट, तशी टेकडीच, शंभरेक पायऱ्या चढलं की खाली कोलोरॅडो नदी, ग्रँड कॅनियनमधली ती नाही हं, ही टेक्सासची, संध्याकाळी ऑस्टिनची पोरं अजूनही इथे येऊन बसतात. १९६९ ला इथे रॉकीला पकडलं. त्याच्याकडे काय सापडलं? गांजाची एक सिगारेट. एक. टेक्सासच्या तेव्हाच्या कायद्यात गांजा कितीही असो, गंभीर गुन्हा, कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. समोर दहा वर्षं दिसत होती म्हणून बचाव काय घेतला, तर मनोरुग्ण असल्याचा. जेल टळली. आधी ऑस्टिनचं सरकारी हॉस्पिटल, तिथून तो पळत राहिला, म्हणून मग रस्क.

रस्क स्टेट हॉस्पिटल, गुन्हेगार मनोरुग्णांचा वॉर्ड. खुनाचे आरोपी, आणि त्यांच्यात हा. शॉक, थोराझिन हे मनोरुग्णांना द्यायचं औषध. तिथेही त्याने आतल्या लोकांना घेऊन बँड काढला, कविता लिहिल्या. १९७२ ला सुटला. १९७३ ला तो कायदा बदलला.

पुढे गाणी आली, भुतं, सैतान, दोन डोक्यांचा कुत्रा, आणि आवाज तसाच, कापत जाणारा. हा कागद बघा, १९८२ चं ॲफिडेव्हिट, नोटरीच्या सहीशिक्क्याचं, माझ्या शरीरात मंगळावरचा जीव राहतो असं रॉकीने लिहून दिलंय. हे लोक अजून मजा म्हणून सांगतात आणि मला ते फार लागतं. त्याला वाटायचं की काही लोक त्याच्यावर मनाने हल्ला करतायत, आणि मी माणूस नाही हे कायदेशीर कागदावर आलं तर मला सोडतील. घाबरलेला माणूस होता तो, मदत मागत होता.

आणि ही खोली. आवाज आम्ही कमी केलेला नाही. रेडिओ, टीव्ही, ॲम्प्लिफायर, पोलिसांचा स्कॅनर, सगळं एकाच वेळी फुल व्हॉल्यूमला, बरेचसे रेडिओ दोन स्टेशनच्या मध्ये लावलेले, नुसती खरखर. डोक्यातले आवाज दाबायला बाहेरचा आवाज. आणि ह्या सगळ्यात रॉकी खुर्चीत शांत बसलाय. १९८९ मध्ये त्याच्यावर टपाल चोरल्याची केस झाली, सोडून गेलेल्या शेजाऱ्यांची पत्रं तो घेऊन यायचा आणि भिंतीला चिकटवायचा, उघडायचा नाही. केस नंतर काढून टाकली.

१९९० ला मोठमोठ्या बँडनी त्याची गाणी गाऊन अल्बम काढला, आरईएम, झीझी टॉप. त्या सगळ्या काळात त्याचे दात किडत होते. आई एव्हलिन सांभाळत होती, पण तिचा गोळ्यांपेक्षा देवावर आणि योगावर जास्त भरवसा. तिच्या मायेबद्दल मला शंका नाही, गोळ्या मात्र हव्या होत्या.

मग हा माणूस, हातात ट्यूबा, फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य. सम्नर एरिक्सन, धाकटा भाऊ, पिट्सबर्ग सिंफनी ह्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. तो कोर्टात गेला, आईच्या विरोधात, आणि २००१ मध्ये कोर्टाने रॉकीचा ताबा त्याला दिला. त्याने भावाला पिट्सबर्गला नेलं, डॉक्टर, नियमित औषधं, दातांची कामं, गाण्यांचे पैसे, वकील, एकेक करत. १९६८ ते २००१, तेहतीस वर्षं लागली नीट उपचार मिळायला. थोड्या वर्षांत रॉकीकडे ड्रायव्हिंग लायसन्स होतं, तो मतदान करत होता, आणि २००५ ला ऑस्टिनच्या मोठ्या फेस्टिव्हलमध्ये गात होता. घरात शांतता होती.

३१ मे २०१९ ला ऑस्टिनमध्येच गेला, ७१ वर्षांचा होऊन.

पण शेवटचे शॉट २०१५ चे आहेत. ऑस्टिन, मे महिना, एलिव्हेटर्स इतक्या वर्षांनी परत एका स्टेजवर, आणि ह्या फेस्टिव्हलचं लेव्हिटेशन हे नावही ह्यांच्याच एका गाण्यावरून. मधे रॉकी, पांढरी दाढी. ड्रमर चार मोजतो. बाजूला टॉमी हॉल, सत्तरी ओलांडलेला, मडकं उचलतो, माइक तोंडाशी आणतो.

ऐका.