ग्रीसमधली मानी: इथं शेजाऱ्यावर गोळ्या झाडायला बुरूज बांधले होते!

नमस्कार मंडळी! ग्रीस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, पांढरी घरं, निळे घुमट, सँटोरिनी, झालं. आज तिकडे जायचंच नाहीये. आज मानी.

(नकाशा स्क्रीनवर)

हे बघा, ग्रीसच्या दक्षिणेला पेलोपोनीस, त्याची तीन टोकं समुद्रात घुसलीयेत, त्यातलं मधलं म्हणजे मानी. टायगेटसची डोंगररांग वर स्पार्टाजवळ 2400 मीटरच्या पुढे जाते आणि तीच उतरत उतरत थेट समुद्रापर्यंत येते. आरेओपोली गाव सोडून खाली गेलात की नुसता उघडाबोडका कातळ, मधे मधे खुरटी ऑलिव्हची झाडं, नदी-बिदी काही नाही, पाणी म्हणजे पावसाचं जेवढं टाक्यात साठेल तेवढं.

आता जमीन एवढीशी आणि खाणारी तोंडं जास्त, मग काय होणार? भाऊबंदकी! पण आपल्याकडे बांधावरून भांडण झालं की माणूस कोर्टात जातो आणि तीन पिढ्या तारखा घेत बसतो, मानीत माणूस गच्चीवर जायचा. म्हणजे प्रत्येक मोठ्या घराण्याचा स्वतःचा दगडी बुरूज, चौकोनी, तीन-चार मजली, खिडक्या म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढता येईल एवढ्या फटी, आणि तो शेजाऱ्यापेक्षा उंच हवा, का, तर वरून त्याच्या छपरावर दगड टाकता आले पाहिजेत. हो, शेजाऱ्याच्याच! एकाच गावात, समोरासमोरच्या घरांतून गोळीबार. घरातल्या मुलग्यांना चक्क 'बंदुका' म्हणायचे. बायकांवर मात्र गोळी झाडायची नाही हा नियम, त्यामुळे दाणागोटा, दारूगोळा सगळं त्याच ने-आण करायच्या. पिकं काढायच्या वेळी तह करायचा, पिकं घरात आली की परत सुरू.

असल्या लोकांवर राज्य कोण करणार? तेव्हा ग्रीसवर तुर्कांचं राज्य, पण त्यांना मानी कधी नीट ताब्यात घेता आलीच नाही, शेवटी 1776 पासून त्यांनी इथल्याच एखाद्या घराण्यातला माणूस 'बे', म्हणजे त्यांच्या वतीने कारभार बघणारा सरदार, म्हणून नेमायला सुरुवात केली. त्यातला शेवटचा पेत्रोबे मावरोमिखालिस, आणि त्यानेच उलटून 17 मार्च 1821 ला आरेओपोलीत बंडाचं निशाण उभारलं, आठवड्याभरात कालामाता शहर घेतलं. ग्रीस स्वतंत्र झाला, सगळं छान, असं वाटतं ना? नाही. नव्या देशाचा पहिला प्रमुख कापोदिस्त्रियास, त्याला कायद्याचं राज्य हवं होतं, त्याने पेत्रोबेलाच तुरुंगात टाकलं. मग 1831 मध्ये पेत्रोबेचा भाऊ आणि मुलगा, दोघांनी मिळून नाफ्प्लियोमध्ये चर्चच्या दारात कापोदिस्त्रियासचा खून केला. त्या चर्चच्या भिंतीवर गोळीची खूण अजून काचेखाली जपून ठेवलीये, मला विचाराल तर मानी समजायची तर सुरुवात तिथूनच करा, नाफ्प्लियो तसंही अथेन्सहून येताना वाटेवर पडतं.

बरं, बघायचं काय? वाथिया. टेकडीवर बुरुजांचा नुसता गठ्ठा, गाव जवळजवळ रिकामं, संध्याकाळी उजेड तिरपा पडला की फोटो काढून फोनची बॅटरी संपते. दीरोसची गुहा, हिच्यात पायी नाही, बोटीत बसून जायचं, किलोमीटरभर, वरून लवणस्तंभ एवढे खाली आलेत की डोकं वाकवावं लागतं. आणि जवळच अपिदिमा नावाची गुहा आहे, तिथे सापडलेल्या कवटीचा एक तुकडा 2,10,000 वर्षांपूर्वीचा आहे असं 2019 मध्ये जाहीर झालं, आपल्याच जातीच्या माणसाचा, म्हणजे होमो सेपियन्सचा! आफ्रिकेबाहेरचा इतका जुना पुरावा म्हटल्यावर अर्थातच संशोधकांत वाद आहेत, पण गोष्ट भारी आहे.

शेवटी केप तेनारो, ग्रीसच्या मुख्य भूमीचं अगदी दक्षिण टोक. जुन्या कथांमध्ये पाताळाचं दार इथे, हेराक्लिस, म्हणजे आपल्या ओळखीचा हर्क्युलिस, तीन डोक्यांचा कुत्रा केरबेरस इथूनच वर ओढून आणतो. गाडी जिथे थांबते तिथून दीपस्तंभापर्यंत साधारण दोन किलोमीटर चालायचं, वाटेत रोमन काळातली मोझेकची फरशी अशीच उघड्यावर पडलीये, ना तिकीट ना छप्पर. सावली मात्र अजिबात नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये भर दुपारी जायचा शहाणपणा करू नका, एप्रिल-मे बेस्ट, कातळावर रानफुलं असतात.

खायला? सिग्लिनो मिळतं, धुरावलेलं डुकराचं मांस, संत्र्याच्या सालीचा वास येतो त्याला. व्हेज मंडळींसाठी लालांगिया, ऑलिव्ह तेलात तळलेल्या पिठाच्या लांब वळ्या, मधाबरोबर खा.

बस आरेओपोलीपर्यंत ठीक आहे, त्याच्या खाली स्वतःची गाडीच लागते, आणि आपलं लायसन्स असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातूनच काढून न्या. रस्ते अरुंद, वळणं आंधळी. रेंटल घेताना छोटी गाडी मागा, एसयूव्हीचा माज तिथल्या गल्लीबोळांत उतरतो.

पुढच्या व्हिडिओत बाजूच्याच टोकावरचं मोनेमवासिया, भेटू!