भर दुपारची घागर

श्रोतेहो, नमस्कार. मिनिटं मोजकी आहेत आणि विषय दिलाय 'देवाची प्रीती आणि ख्रिस्ती माणसाचं वागणं'. प्रीती हा शब्द मराठी पवित्र शास्त्रातला. सिनेमाच्या गाण्यांनी तो पार गुळचट करून टाकला, तरी मला 'प्रेम'पेक्षा तोच आवडतो. असो. योहानाच्या पहिल्या पत्रातलं एक वाक्य तेवढं कानात ठेवा: पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो. पहिल्याने त्याने. मग आपण. हा क्रम उलटा झाला की माणूस आपल्या चांगुलपणाचा हिशेब ठेवायला लागतो, आणि मग शेजाऱ्याचीही वही तपासायला घेतो.

आता माझी आवडती गोष्ट. काहींनी ती माझ्याकडून दोनदा ऐकली असेल. आज तिसऱ्यांदा ऐका.

साल 1883. पंडिता रमाबाई इंग्लंडात आल्या होत्या. वय अवघं पंचवीस. आई-वडील मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात गेले, पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवराही गेला. पदरात लहानगी मनोरमा. संस्कृत मात्र असं, की कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. वाँटेज गावच्या सिस्टरांकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे, त्या राहत होत्या. त्या सिस्टरांनी लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं एक घर त्यांना दाखवलं. समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आसरा होता. आणि रमाबाईंना तिथे भेटलं कोण? पूर्वी त्याच आसऱ्याला आलेल्या काही बायका. आता त्याच आजाऱ्यांची, दुबळ्यांची सेवा करत होत्या. अशा बायकांसाठी काही करायला हवं, हे आयुष्यात पहिल्यांदा इथे कळलं, असं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय.

शास्त्र पढलेली बाई ती, नुसती गहिवरून थोडीच थांबणार! त्यांनी सिस्टरला सरळ विचारलं, या बायकांची एवढी काळजी घ्यावी असं तुम्हाला का वाटतं? सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढला आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. तरी विहिरीपाशी जरा थांबू. भर दुपार. ही काय पाणी भरायची वेळ झाली? आपल्याकडे बायका सकाळी जातात, दिवस कलल्यावर जातात, आणि जातात त्या चार जणी मिळून. ही एकटी, डोक्यावर ऊन घेऊन. पाच नवरे झालेले, आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नव्हे. गावात तिच्याबद्दल काय बोलत असतील, ते मी सांगायला नको. आणि येशू तिला पहिलं वाक्य काय बोलतो? "मला प्यायला पाणी दे." उपदेश नंतर. पाच नवऱ्यांचा विषय नंतर. यहूदी लोक शोमरोनी लोकांशी संबंध ठेवत नसत, आणि इथे आधी एक यहूदी माणूस शोमरोनी बाईच्या हातचं पाणी मागतो. पाण्यासाठी ज्या महाराष्ट्रात 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तिथे याचा अर्थ वेगळा काय समजावू? तहानलेला तो होता. पुन्हा सांगतो, मागणारा तो होता. तीसुद्धा चकित होऊन विचारते, तुम्ही यहूदी, माझ्याकडे पाणी कसं मागता?

पाण्यावरून आठवलं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेनंतर स्टीलच्या पेल्यातून चहा असायचा. कोण कुणाचा पेला विसळतं, ते सगळ्यांना दिसायचं. आता कागदी कप आलेत. सोय आहे, कबूल, पण मला ते कप रुचत नाहीत. आणि त्याच चहाच्या घोटाबरोबर, मुलीला स्थळ सुचवलं की कुणीतरी हळूच विचारतं, "मूळचे कोण?" बाप्तिस्म्याला चार पिढ्या उलटल्या, तरी मूळ विचारायचं सुटत नाही!

खरं म्हणजे आज करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय नीट उलगडून सांगायचा होता. 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे.' आपण तो लग्नात वाचतो. पौलाने लिहिला होता आपसात भांडणाऱ्या मंडळीला. तेवढं ध्यानात ठेवून घरी वाचा, घड्याळ पुढे सरकलंय.

रमाबाईंचं राहिलं. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, बायकांना घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात पोळलेली बाई, तिला भूक ओळखू येत होती. दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे अंध मुलींनाही शिकायची सोय झाली, आणि 'पतित' म्हटल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन निघालं. फुलहॅमचं घर असं केडगावच्या माळावर आलं. पहिल्याने त्याने, मग आपण, म्हणतो ते हे.

पुढे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. फारसं न शिकलेल्या बाईलाही समजावं म्हणून अख्खं बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, त्याच्या जरा आधीच ते काम पुरं झालं होतं. इंग्लंडात सिस्टरने वाचून दाखवलेला योहानाचा चौथा अध्यायही त्यात आला. ती बाई घागर विहिरीवरच ठेवून गावाकडे धावते, तो अध्याय.

जय ख्रिस्त.