दोन बोटं वर

नमस्कार श्रोतेहो. लांबच्या सायकल प्रवासाला निघणारे मला विचारतात, सायकल कितीची घ्यावी? मी म्हणते, आहे ती आधी अंगाला बसवून घ्या. ब्लाउज नाही का आपण मापानं शिवून घेत, तसं. लांबच्या वाटेवर वेग घटतो तो दमल्यामुळे कमी, दुखल्यामुळे जास्त.

मला हे वाईत कळलं. 2014 चा डिसेंबर. पुण्याहून पाचगणीला निघाले होते. खंबाटकी चढून वाईत पोचेपर्यंत गुडघ्याची वाटी ठणकत होती, तळहातांना मुंग्या आल्या होत्या आणि पाठीवरच्या सॅकनं खांदे भरून आलेले. पुढे पसरणीचा घाट! हवा बघायला एका सायकलच्या दुकानात शिरले. दुकानदार सत्तरीचे. मला लांबून येताना त्यांनी पाहिलं होतं.

"ताई, शीट खाली हाय तुमची. गुडघा दुखतोय न्हवं?"

म्हटलं, "काका, पाय टेकायला नकोत का जमिनीला?"

"टेकायचं थांबल्यावर. आता पायडल मारायचंय."

भिंतीला हात लावून त्यांनी मला सीटवर बसवलं. पायडल पार खाली, त्यावर टाच. गुडघा वाकलेलाच. त्यांनी बोल्ट सैल केला, सीट दोन बोटं वर घेतली, पुन्हा बसवलं. आता गुडघा सरळ. परत सांगते, कारण हेच लक्षात ठेवायचं आहे: पायडल पार खाली, त्यावर टाच, गुडघा सरळ. मग चवडा ठेवला की गुडघा हवा तेवढाच वाकतो. मिनिटाला सत्तर फेरे धरले तरी तासाला चार हजारांवर होतात. तेवढ्या वेळा वाकड्या गुडघ्यानं जोर लावायचा, म्हणजे काय होणार?

सीटचं नाक खाली झुकलेलं होतं. मी सारखी पुढे घसरत होते आणि सगळा भार तळहातांवर येत होता. तेही त्यांनी सपाट केलं. मग टायरवर अंगठा दाबला.

"टायर न्हाई, दगूड केलाय ह्यो!"

बत्तीस मिलिमीटरच्या टायरमध्ये मी नव्वद पौंड हवा भरली होती. काकांनी ती पासष्टवर आणली, मागच्या चाकात थोडी जास्त ठेवली, कारण भार मागेच असतो. कडक हवा गुळगुळीत रस्त्यावर ठीक. खडबडीत रस्त्यावर सायकल नुसती उडते, आणि आपली ताकद त्या उडण्यात जाते.

शेवटी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी सॅक कॅरिअरला आवळली. हल्ली कॅरिअर, मडगार्ड, स्टँड काहीच न देता सायकली विकतात, त्याचा मला मनापासून राग आहे. पावसात पाठीवर चिखलाची रेघ घेऊन कामावर जायचं का माणसानं?

पसरणीच्या घाटात मी एकदाच थांबले, पाणी प्यायला.

हँडलचं थोडक्यात सांगते. दूर जायचं तर ते साधारण सीटच्या उंचीला असू द्या. फार खाली गेलं तर मान धरते, फार वर आलं तर छातीवर वारा घेता, आणि सपाट रस्त्यावर खरी ताकद वाराच खातो.

काकांनी पैसे घेतले फक्त हवेचे. निघताना सीटच्या दांडीवर, बरोबर त्या उंचीला, लाल चिकटपट्टी गुंडाळून दिली. सर्व्हिसिंगहून सायकल आली की सीट हमखास खाली गेलेली असते. मी पाना घेते आणि ती लाल पट्टी दिसेपर्यंत वर ओढते.