जुगाऱ्याची सही

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'निर्वासित ते सैनिक'. संयोजकांना त्यात 'सन्मान' हा शब्द हवा होता. तो मी काढायला लावला. का, ते शेवटी सांगतो; म्हणजे वेळ उरला तर. मला पाऊण तास दिलाय. आयुष्यभर जर्मन शिकवलेल्या माणसाचा पाऊण तास हजेरी घेण्यातच जातो, तरी बघू.

माणसाचं नाव गाय स्टर्न. हसून घ्या, मी थांबतो. झालं? अमेरिकेत गेल्यावर झालेलं हे नाव; जन्माचं नाव ग्युंटर. जन्म १४ जानेवारी १९२२, उत्तर जर्मनीतल्या हिल्डेसहाइमला. घर ज्यू. वडील ज्यूलिउस कापडाच्या धंद्यात, आई हेडविग, पाठचा भाऊ वेर्नर आणि धाकटी बहीण एलेओनोरे. १९३३ साली हिटलर आला आणि काल शेजारी बसणारी पोरं वर्गात ओळख दाखवेनाशी झाली. वडिलांनी घरात बजावलं की कुणाच्या नजरेत भरू नका, अदृश्य शाईसारखे राहा. आणि १९३७ मध्ये थोरल्याला, वय पंधरा, एकट्याला सेंट लुइसला मामाकडे धाडलं. सोबत एक काम दिलं: आम्हाला बाहेर काढणारा कुणीतरी शोध.

आता इथे मी जरा रेंगाळणार आहे. अमेरिकेचा नियम असा, की येणारा माणूस सरकारवर बोजा होणार नाही, अशी हमी तिथल्या ऐपतदार माणसाने लिहून द्यायची. ज्यांनी गृहकर्जासाठी जामीनदार शोधत सोसायटीतल्या पायऱ्या झिजवल्यात त्यांना जास्त सांगायला नको. फरक इतकाच की इथे तारण म्हणून फ्लॅट नव्हता, चार माणसं होती. मामाचा पेशा पाव भाजण्याचा. त्याच्या कमाईवर चार जणांची हमी कोण घेणार?

हा मुलगा हॉटेलात उष्टी ताटं उचलायचा, शाळा करायचा आणि भेटेल त्याला विचारायचा. एकदा रस्त्यावर हात दाखवून गाडी थांबवली. गाडी भारी, चालवणारा त्याहून झोकात. मुलाने वाटेत सगळी हकीकत सांगितली. तो गृहस्थ म्हणाला, मी सही करतो की! दोघे वकिलाकडे गेले. वकिलाने विचारलं, आपला व्यवसाय? गृहस्थ सरळ माणूस, खरं ते बोलला: जुगार खेळतो. पैसा होता, द्यायची तयारी होती, पण ज्याची मिळकत पत्त्यांवर त्याची हमी काय कामाची, म्हणून वकिलाने कागद पुढे सरकवलाच नाही. शेअर बाजारवाला असता तर चालला असता का, हे मी तुमच्यावर सोडतो. पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांनी मान खाली घातलेली दिसतेय.

दुसरा जामीनदार मिळाला नाही. घरून शेवटचं पत्र आलं ते १९४२ साली, वॉर्सॉच्या घेट्टोमधून, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून.

मग युद्ध. अमेरिका युद्धात उतरताच जर्मनीहून आलेले हे लोक कागदोपत्री 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरले. स्टर्नने नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात अर्ज केला. जन्म अमेरिकेतला नाही म्हणून त्याला परत पाठवलं. पुढे लष्कराने भरती केलं आणि एक दिवस थेट मेरीलँडच्या डोंगरात, कॅम्प रिची इथे आणून सोडलं. १९४२ मध्ये उघडलेलं हे गुप्तवार्तेचं प्रशिक्षण केंद्र. तिथून सुमारे वीस हजार जण शिकून गेले, त्यांत दोन हजारांहून अधिक जर्मनी-ऑस्ट्रियातून पळून आलेले ज्यू. शिकायचं काय? युद्धकैद्यांकडून माहिती काढायची. मारहाण न करता. आमच्या खात्याच्या दृष्टीने सांगायचं तर जर्मन संभाषणाचा हा सर्वांत उच्च वर्ग. मला दरवर्षी पालक विचारतात, जर्मन शिकून नोकरी मिळते का? मिळते, पण ही नको.

१९४४ च्या जूनमध्ये दोस्त फौजांनी फ्रान्समध्ये नॉर्मंडीवर चढाई केली; त्यानंतर तीन दिवसांनी स्टर्न तिथल्या ओमाहा किनाऱ्यावर उतरला. फौज पुढे सरकली तसे कैदी वाढले आणि त्यांतले मुरलेले शिपाई तोंड उघडेनात. स्टर्न आणि त्याचा जोडीदार फ्रेड हॉवर्ड यांच्या लक्षात आलं, की हे लोक अमेरिकनांना भीत नाहीत. यांची पाचावर धारण बसते ती रशियनांच्या नावाने. झालं, नाटक उभं राहिलं. स्टर्न झाला कमिसार, म्हणजे रशियन फौजेतला कम्युनिस्ट पक्षाचा अधिकारी, क्रुकॉव! रशियन गणवेश जमवला, छातीवर पदकं लटकवली. तंबूत स्टालिनची तसबीर, तीवर 'माझा मित्र क्रुकॉव यास' अशी खुद्द स्टालिनची म्हणून सही, अर्थात घरगुती. आणि जर्मन बोलायचं ते रशियन हेलात. तो हेल कुठला, तर अमेरिकन रेडिओवरच्या एका विनोदी पात्राचा!

हॉवर्ड भला माणूस. तो कैद्याला म्हणायचा, बाबा रे, मला तुला रशियनांच्या हवाली करायचं नाही, पण तू गप्प राहिलास तर माझा इलाज नाही. मग त्याला तंबूत न्यायचा. क्रुकॉव गुरगुरायचा, किंचाळायचा. हॉवर्ड कैद्याची बाजू घेऊन त्याच्याशी भांडायचा. बाहेर आल्यावर कैदी पोपटासारखा बोलायचा. आपल्याकडे संगीत नाटकांच्या दौऱ्यात असे खलनायक...

चिठ्ठी आली आहे. 'सात मिनिटे.' बरं. संगीत नाटक राहू द्या.

हा सगळा खेळ नव्हता. १९४४ च्या डिसेंबरात आर्देनच्या लढाईत कर्ट जेकब्स आणि मरे झॅपलर हे रिचीतलेच दोघे पकडले गेले. ते जर्मनीतून आलेले ज्यू आहेत हे कळताच जर्मन कॅप्टनने त्यांना गोळ्या घालायला लावल्या. पुढे खटला होऊन त्या कॅप्टनलाही गोळ्या घातल्या गेल्या. स्टर्न वाचला, त्याला ब्राँझ स्टार हे अमेरिकन लष्कराचं पदक मिळालं. तो हिल्डेसहाइमला गेला तेव्हा बॉम्बफेकीत गाव भुईसपाट झालेलं आणि घरचं कुणी उरलेलं नाही. एवढं होऊन या माणसाने काय करावं? जर्मन साहित्याचा प्राध्यापक! डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं. ७ डिसेंबर २०२३ रोजी, १०१ वर्षांचे असताना गेले.

आता तो 'सन्मान' शब्द. घाईत सांगतो. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने रिचीच्या सैनिकांचा गौरव करणारा ठराव केला. फ्रान्सने त्याआधीच स्टर्नना आपला मोठा किताब दिला होता. सगळं यथायोग्य. पण जर्मनीतून वर्षाला २५,९५७ माणसं घेण्याची मुभा अमेरिकेच्या कायद्यातच होती, आणि १९३३ ते १९३७ या एकाही वर्षी तेवढी घेतली नाहीत. म्हणजे जागा रिकाम्या होत्या. त्याच देशाला पुढे याच लोकांची भाषा हवीशी झाली. आपण निर्वासिताचा सत्कार करतो तो त्याने गणवेश चढवल्यानंतर. ताटं उचलणारा ग्युंटर आयुष्यभर ताटंच उचलत राहिला असता तर तुम्ही मला आज बोलावलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मीही हा विषय निवडला नसता. पण वकिलासमोर उभा होता तो तोच. वेर्नर आणि एलेओनोरेही घरात तीच जर्मन बोलत होते. त्यांची भाषा कुणाच्या कामी यायची वेळच आली नाही. माझ्या हिशेबात या गोष्टीतला पहिला सत्कार त्या जुगाऱ्याचा. त्याने मुलाला, तुझा उपयोग काय, असं विचारलं नाही.

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. प्रश्न खाली चहाच्या वेळी घेऊ.