वाक्यातला कर्ता

पडद्यावर दिसणारी ही शंभर पानी वही इंदूरच्या नंदानगर भागात राहणाऱ्या एका मराठी ख्रिस्ती गृहस्थांची आहे. पहिल्या पानावर एकच वाक्य आहे : 'त्या रात्री माझा हात उठला.' त्याखाली पाळकांनी, म्हणजे त्यांच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, पेन्सिलीने रेघ ओढली आहे. या गृहस्थांचे नाव आणि चेहरा आम्ही दाखवणार नाही, कारण त्यांची ओळख पटली तर त्यांच्या पत्नीचीही पटेल, आणि ती सध्या कोठे राहते हे कोणाला कळू नये अशी तिची इच्छा आहे.

मराठीत राग येतो, तोल जातो, हात उठतो. यांतील एकाही वाक्यात मारणारा माणूस कर्ता म्हणून उभा राहत नाही. पत्नीला मारणारा पती पाळकांसमोर बसला की बहुधा हीच भाषा बोलतो, आणि डोळ्यांत पाणी आणून बोलतो, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही तो पश्चात्तापच वाटतो.

हे गृहस्थही तसेच आले होते. 'पाळकसाहेब, मी तिची क्षमा मागितली आहे. आता तुम्हीच तिला समजावून घरी आणा,' असे त्यांचे म्हणणे होते. अशा वेळी चर्चच्या मंडळीतले दोन वडीलधारे तिच्या माहेरी जातात, प्रार्थना करतात आणि तिला परत आणून सोडतात, हे आपण पाहत आलो आहोत. त्यामागचा हेतू चांगला असला, तरी जिने मार खाल्ला तिच्यावरच संसार टिकवण्याचे ओझे टाकणारी ही रीत थांबली पाहिजे. या पाळकांनी तसे केले नाही. 'वहिनींना कोणी समजावणार नाही. त्या रात्री काय झालं, ते तुम्ही पहिल्यापासून सांगा,' एवढेच ते म्हणाले. सांगता सांगता निघाले ते असे : आधी त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता, आणि शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून दाराची कडी लावली होती. तोल सुटलेल्या माणसाला कडी लावण्याचे भान कसे राहते, असे पाळकांनी विचारले. त्या प्रश्नावर ते बराच वेळ गप्प बसले.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील डुलुथ या शहरात १९८१ च्या सुमारास ज्या कामाला सुरुवात झाली, त्याचा पायाही हाच होता. मार खाल्लेल्या स्त्रियांच्या अनुभवांवरून तेथील कार्यकर्त्यांनी मांडले, की मारहाण हा रागाचा झटका नसून सत्ता गाजवण्याच्या अनेक रीतींपैकी एक रीत आहे. पैसे अडवणे, माहेरी जाऊ न देणे, मुलांचा धाक घालणे या तिच्याच शेजारच्या रीती होत. म्हणून दारू सोडण्याची शपथ घेतली, एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. कॅलिफोर्नियात अशा गुन्ह्यात दोषी ठरून परिवीक्षेवर, म्हणजे देखरेखीच्या अटीवर, सुटलेल्या माणसाला किमान ५२ आठवड्यांचा कार्यक्रम पूर्ण करावा लागतो. अर्थात, अशा कार्यक्रमांविषयीचे अभ्यास एकमुखी नाहीत, आणि कित्येकांत झालेला बदल थोडाच आढळला आहे. तेव्हा पती वर्गाला जातो, या एका कारणावरून पत्नीने घरी परतावे, असे कोणीही सुचवू नये.

मग श्रद्धेचे येथे काम काय? या गृहस्थांना पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, एक वचन तोंडपाठ होते, इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील बावीसावे, पत्नींनी पतीच्या अधीन असावे असे सांगणारे. पाळकांनी त्यांना त्याच्या आधीचे, एकमेकांच्या अधीन असण्याविषयीचे वचन वाचायला लावले, आणि मग पतीने पत्नीवर स्वतःच्या शरीराप्रमाणे प्रीती करावी हे पुढचेही. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर पत्नीला मान न देणाऱ्या पतीच्या प्रार्थनेतच व्यत्यय येतो असे सुचवले आहे. ज्या माणसाने शास्त्र हाती घेऊन हुकूम गाजवला, त्याला त्याच शास्त्रापुढे उभे करणे हे पाळक करू शकतो, आणि हे समुपदेशकाच्या आवाक्यातले नाही. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराची बायबलमधील गोष्टही त्यांनी काढली. जक्कय नुसता रडला नाही. ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देण्याचे त्याने सर्वांसमोर कबूल केले.

क्षमेविषयी इंदूरच्या लोकांना वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. सिस्टर राणी मारिया या कॅथलिक धर्मभगिनींची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसच्या प्रवासात हत्या झाली. पुढे त्यांच्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. मात्र ही क्षमा तिने आपणहून दिली, मारेकरी गजाआड असताना दिली, आणि तिने त्याच्यासोबत एका छताखाली राहावे असे कोणी तिला सांगितले नाही. या तिन्ही गोष्टी मार खाणाऱ्या पत्नीच्या बाबतीत आपण विसरतो.

'देवाने जोडले ते माणसाने तोडू नये' हे वचन तिलाच ऐकवले जाते. पोप फ्रान्सिस यांनी मात्र २०१६ मध्ये लिहिले, की काही प्रसंगी वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते. आपल्याकडील १८६९ च्या कायद्यात ख्रिस्ती पत्नीला केवळ क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मिळत नव्हता. तो मार्ग २००१ च्या दुरुस्तीने खुला झाला. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यानुसार न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, पण त्या समुपदेशनात पतीला आपल्या हिंसेचे कोणतेही समर्थन मांडता येत नाही, असे नियमांतच म्हटले आहे. तातडीच्या मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हे क्रमांक आहेत, आणि पाळकांनी ते पहिल्याच दिवशी मंडळीतील एका भगिनीमार्फत त्या पत्नीकडे पोहोचवले होते.

वहीच्या सतराव्या पानावर ते वाक्य पुन्हा लिहिलेले आहे : 'मी कडी लावली आणि तिला मारले.' खाली तारीख आहे. पाळकांनी ते वाचले, पान उलटले आणि विचारले, 'मुलगी तेव्हा कुठं होती?'

'आतच होती,' ते म्हणाले. 'कडी लावली तेव्हा ती आतच होती.' आणि त्यांनी पेन उचलले.